एकोणीस वह्या

“आई, हात हलतोय तुझा.”

“तू बोलू नकोस. पट्टी घट्ट धर.”

दुपारचे साडेचार वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या लेकीची विज्ञानाची वही उघडी होती. माझ्या हातात नवं ब्लेड होतं आणि मी सातवीतल्या मुलीच्या वहीतलं पान कापत होते. ओढून फाडलं असतं तर जोडीचं पान सुटून आलं असतं. म्हणून शिवणीपाशी नखाएवढी कड ठेवून, पट्टी लावून, सावकाश कापलं. काम इतकं सफाईनं झालं की मलाच माझी भीती वाटली.

“सरांनी सांगितलंय, पान फाडायचं नाही म्हणून,” ती म्हणाली.

“सरांचं काय जातंय सांगायला? शून्य तुला मिळणार आहे.”

“पण सर म्हणालेत की...”

“सर म्हणालेत, सर म्हणालेत! आज शाळेनं काय म्हटलंय ते वाचलंस ना?”

तिनं नजर वहीत घातली आणि पट्टी घट्ट दाबली. ही पोर वाद सोडून मुकाट ऐकते, तेव्हा मला जास्त धडकी भरते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ वाजत होते. आठला वह्या जमा करायच्या होत्या.

पान कापून झाल्यावर लक्षात आलं, की वहीतल्या प्रत्येक पानाला क्रमांक आहे. मुलांनी शाईनं, स्वतःच्या हातानं घातलेला. आता चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस येत होतं. मग मी व्हाइटनर काढलं. त्रेचाळीसपासून शंभरपर्यंत अठ्ठावन्न आकडे खोडले आणि लेकीच्या अक्षरासारखं अक्षर काढून अठ्ठावन्न आकडे पुन्हा घातले. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की चुकलेलं निरीक्षण खोडायचं नाही, त्याच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवं लिहायचं. व्हाइटनर वाळेपर्यंत मी प्रत्येक पानावर फुंकर घालत होते आणि हे सगळं मला आठवत होतं.

हे पानांना क्रमांक घालायचं खूळ सरांचं. वर्षाच्या पहिल्या तासाला ते धडा सुरू करत नाहीत. सगळा तास मुलं वहीच्या पानांवर आकडे घालत बसतात. सत्तावीस वर्षं ते याच शाळेत विज्ञान शिकवतायत. शर्टाच्या खिशात एक सहा इंची स्टीलची पट्टी, पायांत त्याच त्या तपकिरी चपला. बोलणं हळू, आवाज मागच्या बाकापर्यंत जेमतेम पोचणारा. कुठलं बक्षीस नाही, कुठे फोटो नाही. मुलं त्यांना ‘पडताळा सर’ म्हणतात, कारण काहीही सांगायला गेलं की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, “असं? पडताळा.”

वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत एआयचा विषय निघाला तेव्हा वर्गात नुसता गोंगाट झाला होता. पुढच्या बाकावरचे एक वडील तावातावानं उठले.

“सर, सरळ बंदी घाला ना! आमचा दिवटा परवा कवितेचा भावार्थ त्याच्याकडून लिहून घेत होता.”

“घालू की,” सर म्हणाले. “मग तो काय करेल?”

“काय करेल म्हणजे? स्वतः लिहील!”

“तो तुमचा फोन घेऊन बाथरूममध्ये बसेल,” सर म्हणाले. सगळे हसले. सर हसले नाहीत. “बंदी घातली की मुलं वापरायची थांबत नाहीत हो. सांगायची थांबतात. मला कळायला हवंय, ती काय विचारतात आणि मिळालेल्या उत्तराचं काय करतात. ते कळलं नाही तर शिकवू काय?”

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. प्रश्न पडला की आधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा, शाईनं. चुकला तरी चालेल, तो खोडायचा नाही. मग हवं तर एआयला विचारायचं, पण नेमकं काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं ते ‘एआयचं’ असा मथळा घालून समोरच्या पानावर उतरवायचं. आणि तिसरं, त्यातली निदान एक गोष्ट स्वतः तपासायची. मोजून, करून बघून, पुस्तकात शोधून, नाहीतर जाणत्या माणसाला विचारून. आणि जे सापडेल ते लिहायचं.

“आणि मार्क?” मी विचारलं. मीच विचारणार, दुसरं कोण.

“एआयला विचारलं हे लिहिल्याबद्दल एकही मार्क जाणार नाही. हा माझा शब्द आहे. लपवलं, तर मात्र आपण बसून बोलू.”

मला तेव्हाही धाकधूक वाटली होती. पण दोन-तीन महिन्यांत मी घरात जे बघत होते, ते मला खोटं म्हणता येईना. आधी लेक उत्तर उतरवून काढायची आणि वही मिटायची. आता ती एआयशी भांडायची. “याला विचारलं की हा लगेच सांगतो, पण कशावरून ते सांगतच नाही,” अशी तक्रार करायची. एकदा सरांनी स्वतःच एआयला विचारून फळ्यावर काहीतरी लिहिलं, ते चुकीचं निघालं आणि एका मुलीनं ते पुस्तकात दाखवून दिलं. सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘सरांनी पडताळलं नाही.’ ते आठवडाभर पुसू दिलं नाही म्हणे. लेक घरी येऊन हसून हसून लोळत होती.

तिचा प्रकल्प होता गळक्या नळाचा. आमच्या स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय, नवऱ्याला तो दुरुस्त करायला सांगून मी थकले, पण त्याचा असा उपयोग झाला. चाळीसाव्या पानावर तिनं अंदाज लिहिला, दिवसाला एक बादली. एक्केचाळिसाव्या पानावर एआयचं उत्तर, साधारण वीस लिटर. मग तिनं नळाखाली मापाचं भांडं लावलं. शनिवार-रविवार मला त्या नळाला हात लावू दिला नाही, भांडी मी न्हाणीघरात घासली. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दिवसाचा हिशेब साडेचार लिटरच्या आसपास आला. त्रेचाळिसाव्या पानावर तिनं लिहिलं होतं, ‘वीस लिटर नाही, साडेचार. माझा नळ किती जोरात गळतो हे त्यानं मला विचारलंच नाही. पण मीही सांगितलं नव्हतं.’

ते वाक्य वाचून मी तिला जवळ घेतलं होतं. आणि तेच वाक्य ज्याच्यावर उभं होतं, ते पान मी पंधरा दिवसांनी कापून काढलं.

कारण त्या दुपारी पालकांच्या ग्रुपवर शाळेची सूचना आली होती. ‘प्रकल्पात कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोणत्याही स्वरूपातील वापर आढळल्यास शून्य गुण देण्यात येतील व विज्ञान प्रदर्शनासाठी विचार केला जाणार नाही. तपासणीसाठी वह्या उद्या सकाळी जमा कराव्यात.’ भाषा गुळगुळीत, इस्त्री केलेली. आणि अगदी शेवटी एक ओळ होती, ‘वरील मसुद्यात आपल्या संस्थेच्या गरजेनुसार बदल करावेत.’

मी नवऱ्याला फोनवर वाचून दाखवली. तो खो खो हसला. “अगं, ही सूचनाच एआयनं लिहिलीय! शेवटची ओळ काढायचीसुद्धा तसदी घेतली नाही कुणी!”

“हसतोस काय? पोरीला शून्य मिळेल.”

“ती सातवीत आहे गं. जन्मठेप नाही होणार.”

त्याला हसता येतं. वही तपासायला, डबा भरायला, काळजी करायला मी आहे ना. मीही हसले असते. पण त्या ओळीची चीड यायच्या आधी मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझे हात आधी चालतात. मी ड्रॉवरमध्ये ब्लेड शोधायला लागले.

चार दिवसांनी निकाल आला. वर्गात चौतीस मुलं. एकोणीस जणांच्या वहीत ‘एआयचं’ असा मथळा सापडला. एकोणीस शून्यं. शाळेच्या लिपिकानं वह्या चाळल्या होत्या, मथळा दिसला की वही बाजूला. आत काय लिहिलंय, कोणी काय मोजलंय, कोणी एआयची चूक पकडलीय, ते वाचायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उरलेल्या पंधरा वह्या स्वच्छ ठरल्या. त्यांतल्या किती खऱ्या स्वच्छ होत्या आणि किती आमच्यासारख्या, देव जाणे. ज्या मुलांनी सरांवर विश्वास ठेवला, ज्यांची आई दुपारी कामावर होती, ज्यांच्या घरी सूचना वेळेवर वाचली गेली नाही, ती नापास. ज्यांच्या घरी ब्लेड होतं, ती पास.

आणि माझी लेक प्रदर्शनासाठी निवडली गेली.

ती वही घेऊन घरी आली आणि दप्तरही न उतरवता माझ्यासमोर उघडली. जिथे तिनं लिहिलं होतं ‘वीस लिटर नाही, साडेचार’, तिथे समासात पेन्सिलीनं, सरांच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती.

‘वीस लिटर कोण म्हणालं?’

“दे उत्तर,” लेक म्हणाली.

“सर रागावले का?”

“नाही. माझ्याकडे बघितलं आणि वही परत दिली. वर्गात सगळे माझ्याकडे बघतायत, आई. माझी मैत्रीण म्हणाली, तू कसं काय सुटलीस? आम्ही दोघींनी शेजारी बसून लिहिलं होतं. तिला शून्य.”

“मी तुझ्यासाठीच...”

“मी सांगितलं होतं का?”

दप्तर घेऊन ती आत गेली. मी त्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघत बसले. सरांनी लाल शाई वापरली असती, बोलावून चार शब्द सुनावले असते, तर मी भांडले तरी असते.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या संमतीपत्रावर सही करायला शाळेनं बोलावलं. कापलेलं पान मी पर्समध्ये टाकलं. का टाकलं ते तेव्हा नीट ठरलं नव्हतं. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. आत सर उभे होते. टेबलावर सुतळीनं बांधलेला वह्यांचा गठ्ठा होता.

“सर, तुम्ही फक्त गुणपत्रकावर सही करायचीय,” मोठ्या बाई म्हणत होत्या. “शून्य आधीच भरलेत.”

“मी नाही करणार.”

“वापर झालाय हे त्यांच्याच अक्षरात आहे! सरळसरळ कबुली आहे.”

“कबुली नाही, बाई. तो अभ्यास आहे. मी सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं. लिहिल्याबद्दल मार्क जाणार नाहीत, असा मी शब्द दिला होता.”

“तो तुम्ही दिलात. शाळेनं नाही.”

“त्या वर्गात मी उभा होतो तेव्हा शाळा म्हणजे मीच होतो ना? की मुलांनी दर वेळी खाली येऊन तुम्हाला विचारायचं?”

“आवाज चढवू नका.”

सरांचा आवाज चढला नव्हता. तो मुळात चढतच नाही. त्यांनी गठ्ठ्यातली वरची वही ओढून घेतली. “ही बघा. हिनं एआयला विचारलं, की झाडाची पानं खालून फिकट का असतात. मग भिंग घेऊन अकरा झाडांची पानं बघितली. अकरा! त्यातल्या दोन झाडांना ते लागू पडत नाही, हे शोधलं. ही नापास? आणि वर्गात अशा वह्या आहेत ज्यांत एकही चूक नाही, एकही शंका नाही, घरी बसून कुणीतरी लिहून दिल्यासारख्या. त्या पास. उद्यापासून ही मुलं काय शिकणार? विचारा, पण बोलू नका. हेच ना?”

“सर, वरून दबाव आहे. पालकांच्या तक्रारी आहेत. मला धोरण हवं होतं, मी धोरण काढलं.”

“धोरण वाचलंत का काढण्याआधी?” सर म्हणाले. “शेवटची ओळ तरी?”

मोठ्या बाई गुणपत्रक सारखं करायला लागल्या. मी उठले. दार ढकलून आत गेले आणि पर्समधलं पान टेबलावर ठेवलं.

“हे माझ्या मुलीच्या वहीतलं आहे. तिनंही एआयला विचारलं होतं, सरांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलंही होतं. ते मी कापलं. आकडेही मीच बदलले. तिचा काही दोष नाही. तिची वही या गठ्ठ्यात हवी. नाहीतर या एकोणीस जणांची शून्यं काढा.”

मोठ्या बाईंनी पानाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि चक्क समजुतीनं हसल्या.

“बसा. पाणी घ्या. तुम्ही सुशिक्षित आहात, भावनेच्या भरात काहीतरी बोलून जाऊ नका. मुलीचं नाव निवडीच्या यादीत गेलंय. यादी पुढे पाठवली.”

“पण मी सांगतेय ना, की...”

“मी ऐकलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्हीही काही बोलला नाहीत. ते पान पर्समध्ये ठेवा.”

खरं लिहिलं म्हणून एकोणीस मुलांना शून्य देणारी बाई मला तेच खरं पर्समध्ये लपवायला सांगत होती, आणि तेही पाणी विचारून. खूप बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, “मग मी मुलीला घरी जाऊन काय सांगू?”

“अभिनंदन सांगा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

सर माझ्या मागोमाग बाहेर आले. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

“चुकले मी, सर.”

“हं,” ते म्हणाले. ‘तुम्ही चुकला नाहीत’ असं ते म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची अजूनही ऋणी आहे. थोडं चालून ते थांबले. “व्हाइटनर फार लावलंत. अठ्ठावन्न आकडे. दमला असाल.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस फार वाईट दिसतं.

“तुमचं काय होणार आता?”

“विज्ञान काढून घेतील बहुतेक. दोन वर्षं राहिलीत माझी. तेवढ्यात काय,” ते म्हणाले. “मुलांचं वाईट वाटतं. परत कुणी सांगितलं, खरं लिहा, तर ती लिहिणार नाहीत.”

तसंच झालं. पुढच्या आठवड्यापासून सातवीला नवे शिक्षक आले. सरांना ‘कार्यक्रम व व्यवस्था’ असं काहीतरी दिलं, म्हणजे टेबलं लावणं, क्रमांक चिकटवणं, दिवे-पंखे बघणं. एकोणीस जणांच्या आईबापांना आम्ही काही जण भेटलो, अर्ज दिला. अर्ज ‘विचाराधीन’ आहे. नव्या शिक्षकांनी वह्या नव्या करायला लावल्या. क्रमांक घालायचे नाहीत.

लेकीनं प्रदर्शनाला उभं राहायला नकार दिला. “कोणी विचारलं, वीस लिटर कुठून आले, तर मी काय सांगू? आई म्हणाली?” मी एकदाच म्हटलं, “नीट विचार कर.” ती म्हणाली, “केला.” मग मी शाळेला पत्र लिहिलं, स्वतःच्या हातानं, की माझी मुलगी भाग घेणार नाही. कारण : तिच्या वहीतलं एक पान मी कापलं आहे. सही केली, खाली तारीख घातली. ते पत्र देताना माझे हात हलले नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी पालकांना आमंत्रण होतं. मी गेले. सभागृहात पांढरी कापडं घातलेली टेबलं, त्यांच्यामागे मुलं, कडक इस्त्रीचे गणवेश, पाठ केलेली वाक्यं. एक मुलगा तीन वेळा एकाच सुरात तेच म्हणाला आणि परीक्षकानं ‘म्हणजे काय?’ विचारल्यावर आईकडे बघायला लागला. आई भिंतीपाशी ओठ हलवत होती.

चौदा क्रमांकाचं टेबल रिकामं होतं. त्यावर छापलेली चिठ्ठी होती : ‘विद्यार्थिनी आजारी असल्याने अनुपस्थित.’

मी त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. परीक्षक बाई कागद चाळत आल्या.

“अरेरे. काय झालंय हिला?”

“काही नाही,” मी म्हणाले. “ठणठणीत आहे. वर्गात बसलीय.”

“मग हे?”

“हे खोटं आहे.”

त्या गोंधळल्या, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. तेवढ्यात सर हातात गोंदाची बाटली घेऊन तिकडून आले. त्यांनी ती चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बघितलं नाही. चिठ्ठी उचलून, दोन घड्या घालून खिशात टाकली. टेबलावरच्या कापडाचा एक कोपरा दुमडला होता. तो त्यांनी तळहातानं नीट सरळ केला, आणि पुढचा पंखा बघायला गेले.